वाळवंटात जाऊन बसलेले ते ख्रिस्ती साधू नेमकं करत काय होते?

२०२५ च्या मे महिन्यात इजिप्तच्या कोर्टाने सिनाईमधल्या सेंट कॅथरीन मठाच्या जमिनीबद्दल निकाल दिला. जमीन सरकारची, साधूंना वापरायचा हक्क राहील, असा त्याचा सारांश. त्यावरून ग्रीस आणि इजिप्तमध्ये बरीच बोलाचाली झाली. कोर्टाचं जे व्हायचं ते होईल, पण बातमी वाचून आपल्यातल्या बऱ्याच जणांना वेगळाच प्रश्न पडतो, की अरे, ख्रिश्चनांमध्ये पण साधू असतात? फादर माहिती आहेत, नन्स माहिती आहेत, शाळा-हॉस्पिटलं चालवणारे लोक माहिती आहेत, पण संसार सोडून वाळवंटात जाऊन बसणारे?

असतात. आणि आज जेवढे मठ, जेवढ्या सिस्टर्स, जेवढे ब्रदर्स दिसतात त्या सगळ्यांची मुळं शेवटी त्या वाळवंटातच जाऊन पोचतात. सेंट कॅथरीनचा मठ तसा उशिराचा, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेला. पण एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई ३८० च्या दशकात सिनाईला गेली तेव्हा तिथे साधू आधीच राहत होते. आणि खरी सुरुवात त्याच्याही आधी, नाईलच्या काठावर.

मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग काय वाटतं ते आधीच सांगून टाकतो. आपण समजतो की हे लोक जगाला कंटाळून पळाले आणि जगाचा त्यांच्याशी संबंध संपला. पुरावे बघायला लागलं की उलटंच दिसतं. हे लोक गावाच्या इतके जवळ होते, आणि गाव त्यांच्याकडे इतकं धावत होतं, की एकांत मिळवणं हीच त्यांची रोजची मारामारी होती.

आधी नकाशा बघा

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शेकडो मैल वाळू, उंट, मृगजळ वगैरे येतं. इजिप्तमध्ये तसं नाहीये. साडीचा काठ कसा असतो, तसा नाईलच्या दोन्ही बाजूंना शेतीचा हिरवा पट्टा आणि तो संपला की लगेच पिवळं, मध्ये काही नाही. कित्येक ठिकाणी एक पाय गव्हाच्या रानात आणि एक पाय वाळूत ठेवून उभं राहता येतं. त्यामुळे "वाळवंटात गेला" म्हणजे पहिल्या काळात तरी गावाबाहेर गेला, बांध ओलांडला, एवढंच. तिथून गावातली चूल पेटलेली दिसायची.

काळ साधारण इसवी सन २७० ते ४५०. इजिप्त तेव्हा रोमन साम्राज्याचा भाग, साम्राज्याचं धान्याचं कोठार. ख्रिस्ती लोकांवर अधूनमधून सरकारी छळ व्हायचा, शेवटचा मोठा छळ ३०३ पासून दहाएक वर्षं चालला. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि ३८० पर्यंत तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला.

पुष्कळ ठिकाणी एक सोपं कारण वाचायला मिळतं, की छळ थांबला, हुतात्मा होता येईना, म्हणून लोकांनी स्वतःच स्वतःचा छळ करायला वाळवंट गाठलं. थोडं खरं आहे ते, पण सगळं नाही, कारण ज्याला या सगळ्याचा मूळपुरुष मानतात तो छळ थांबायच्या चाळीसेक वर्षं आधीच घर सोडून निघाला होता.

अँटनी: दोनशे एकर जमिनीचा वारस

हा अँटनी म्हणजे वसई-गोव्यात ज्याच्या नावाने मंगळवारची भक्ती चालते तो नाही हां. तो पादुआचा अँटनी, १२३१ मध्ये वारलेला पोर्तुगीज. पण नातं आहे. त्या पोर्तुगीज माणसाचं मूळ नाव फर्नांडो, तो फ्रान्सिस्कन पंथाचा साधू झाला तेव्हा त्याने या इजिप्तच्या अँटनीचं नाव घेतलं. म्हणजे आपल्याकडच्या प्रत्येक अँथनीच्या नावामागे शेवटी हा वाळवंटातला माणूस उभा आहे.

इजिप्तचा अँटनी साधारण २५१ चा. खातंपितं कोप्ट शेतकरी घर (कोप्ट म्हणजे इजिप्तचे मूळचे ख्रिस्ती). अठरा-वीस वर्षांचा असताना आईवडील गेले, मागे धाकटी बहीण आणि ३०० अरुरा जमीन, म्हणजे आपल्या हिशोबाने दोनशे एकर, तीही उत्तम काळी. एक दिवस चर्चमध्ये वाचन चालू होतं, येशू एका श्रीमंत तरुणाला सांगतो की तुझं सगळं विक आणि गरिबांना दे. बाकीच्यांनी ऐकलं आणि घरी गेले, याने खरंच वाटून टाकलं. बहिणीला काही विश्वासू कुमारिकांच्या स्वाधीन केलं.

इथे क्षणभर थांबा. कुमारिकांच्या स्वाधीन म्हणजे अशा एकत्र राहणाऱ्या बायका त्या वेळी आधीपासूनच होत्या. आणि अँटनी शिकायला गेला तो शेजारच्या गावाच्या वेशीवर एकटं राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. म्हणजे मूळपुरुष म्हणतात त्याच्याही आधी हे सगळं बारीक प्रमाणात चालूच होतं, याने फक्त अंतर वाढवलं. आधी वेशीवर, मग जुन्या थडग्यांमध्ये, मग नाईलपलीकडच्या एका पडक्या गढीत वीसेक वर्षं. तिथे लोकांची रांग लागली, शेवटी दारच मोडून आत घुसले, तेव्हा तो तांबड्या समुद्राच्या बाजूच्या डोंगरात गेला. तिथे आलेल्यांना काहीतरी खायला द्यावं म्हणून भाजी लावली. जनावरं येऊन वाफे तुडवायची ती वेगळीच कटकट. ३५६ मध्ये वारला, परंपरेप्रमाणे वय १०५. मरताना सांगून ठेवलं की मला कुठे पुरलं ते कुणाला सांगू नका, कारण त्या काळच्या इजिप्तमध्ये साधूचं शरीर मसाले लावून घरात ठेवायची पद्धत होती आणि त्याला ते नको होतं.

तीन प्रकारचे साधू

पुढच्या पन्नास वर्षांत राहायच्या तीन तऱ्हा तयार झाल्या. पहिली, एकदम एकटं, अँटनीसारखं. दुसरी, मधली: प्रत्येकाची खोली वेगळी, दुसऱ्याची हाक ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, पण शनिवार-रविवारी सगळे चर्चमध्ये जमायचे, एकत्र जेवायचे, आठवड्याभराचं विणकाम जमा करायचे, नवीन माल आणि भाकरी घेऊन परत. तिसरी, पूर्ण मठ, एका भिंतीच्या आत शेकडो माणसं.

तिसरी तऱ्हा बसवली ती पाखोमियस नावाच्या माणसाने. हा मुळात ख्रिस्तीच नव्हता. साधारण ३१२ मध्ये जबरदस्तीने सैन्यात भरती केलेल्या पोरांना थीब्जला कोंडून ठेवलं होतं, त्यात हा होता, आणि रात्री काही अनोळखी लोक येऊन त्यांना जेवण देऊन गेले. कोण म्हणे हे? तर ख्रिस्ती. त्याच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. सुटल्यावर बाप्तिस्मा घेतला, काही वर्षं एका कडक म्हाताऱ्या साधूकडे काढली आणि ३२० च्या आसपास ताबेन्निसी या गावात मठ सुरू केला. तो गेला तेव्हा त्याच्या व्यवस्थेखाली पुरुषांचे ९ आणि बायकांचे २ मठ होते. आत धंद्याप्रमाणे घरं: विणकरांचं वेगळं, लोहारांचं वेगळं, शिंप्यांचं वेगळं, शिवाय स्वतःच्या होड्या. आणि एक नियम मला फार आवडतो. आत येणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसेल तर त्याला शिकवायचं, त्याची इच्छा असो वा नसो. चौथ्या शतकातल्या शेतकरी पोरांसाठी सक्तीची साक्षरता!

मधल्या तऱ्हेचं सगळ्यात गजबजलेलं ठिकाण नित्रिया, नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या कडेला. पॅलाडियस नावाचा लेखक स्वतः तिथे राहून गेला, त्याने लिहून ठेवलंय की तिथे साधारण ५,००० साधू, ७ भट्ट्या, वैद्य आणि मिठाई करणारे सुद्धा. वाईनही विकली जायची. पाहुण्यांसाठी धर्मशाळा, पहिला आठवडा नुसतं बसून खा, नंतर मात्र बागेत, भट्टीत नाहीतर मुदपाकखान्यात कामाला लावणार, आणि पाहुणा शिकलेला असेल तर हातात पुस्तक देणार. चर्चच्या आवारात तीन ताडमाडांची झाडं, प्रत्येकावर एकेक चाबूक टांगलेला: एक चुकलेल्या साधूंसाठी, एक चोरांसाठी आणि एक वात्रट पाहुण्यांसाठी. याला तुम्ही निर्जन जागा म्हणाल का?

नाहीच म्हणणार, आणि तिथल्यांनाही वाटत नव्हतं. म्हणून ज्यांना जास्त शांतता हवी ते अठरा-वीस किलोमीटर आत केल्लिया या ठिकाणी गेले, ज्यांना त्याहून जास्त हवी ते आणखी लांब शेतिसला, म्हणजे आजच्या वादी नात्रूनला. तिथल्या खाऱ्या तळ्यांमधून पूर्वी ममी बनवायचा क्षार काढत.

दिवसभर करायचं काय?

काम. हे उत्तर ऐकून लोक जरा नाराज होतात, त्यांना समाधी वगैरे ऐकायची असते. पण हातात सतत काम आणि तोंडात पाठ केलेली स्तोत्रं, हाच तिथला दिवस. काम म्हणजे बहुतेक वेळा ताडाच्या पात्या पाण्यात भिजवायच्या, मऊ झाल्या की वळून दोर करायचा, नाहीतर टोपल्या आणि चटया विणायच्या. माल बाजारात जायचा, त्या पैशातून भाकरी. सुगीला साधू टोळ्या करून नाईलकाठच्या शेतांत कापणीला जायचे आणि मजुरी धान्यात घ्यायचे, स्वतःपुरतं ठेवून उरलेलं गरिबांना.

जेवण दिवसातून एकदा, दुपारी तीनच्या सुमारास. दोन छोट्या वाळवलेल्या भाकऱ्या, मिळून एक रोमन रत्तल, म्हणजे पाव किलोपेक्षा थोड्या जास्त. भाजून वाळवलेल्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या, पाण्यात बुडवल्याशिवाय दात न लागणाऱ्या. बरोबर मीठ, कधी थोडं तेल.

आर्सेनियस नावाचा एक जण तर रोमच्या सम्राटाच्या राजवाड्यातून आलेला, राजपुत्रांचा शिक्षक होता. तो ताडाच्या पात्या भिजवायचं पाणी वर्षातून एकदाच बदलायचा, मध्ये फक्त भर घालायचा. वास असा की शेजारी हैराण. विचारलं तर म्हणाला, इतकी वर्षं अत्तरं लावली, आता हा वास सोसायला नको का? हाच आर्सेनियस एका अडाणी इजिप्शियन शेतकरी साधूकडे सल्ला मागायला बसायचा. कुणीतरी टोकलं, तुम्ही एवढे ग्रीक-लॅटिन शिकलेले. तर म्हणे, ते सगळं शिकलो, पण या म्हाताऱ्याची बाराखडी मला अजून येत नाही.

आणि काम टाळून नुसतं देवाचं नाव घेत बसायची इच्छा झालेल्यांवर एक धमाल गोष्ट आहे. योहान नावाचा बुटका साधू थोरल्या भावाला म्हणाला, मला देवदूतांसारखं व्हायचंय, त्यांना कुठे कामधंदा असतो, ते फक्त भक्ती करतात. अंगावरचं काढून टाकलं आणि निघाला वाळवंटात. आठवड्याने परत येऊन दार वाजवतोय. भाऊ आतून विचारतो, कोण? मी योहान. छे, योहान तर देवदूत झाला, तो आता माणसांत नाहीये. रात्रभर बाहेर ठेवलं बिचाऱ्याला. सकाळी दार उघडून म्हणाला, तू माणूस आहेस, आणि माणसाला खायचं तर काम करावं लागतं.

पोटासाठीच काम होतं असंही नाही म्हणा. पौल नावाचा एक साधू बाजारापासून इतका लांब राहायचा की टोपल्या नेऊन विकायच्या तर वाहतुकीचाच खर्च जास्त व्हायचा. तरी तो रोजचा नेमलेला कोटा विणायचा, वर्षभरात गुहा भरली की सगळं पेटवून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

दुपारचा राक्षस

पौलाने ते का केलं हे कळायला इव्हॅग्रियस माहिती हवा. काळ्या समुद्राकडचा, हुशार, कॉन्स्टँटिनोपलमध्ये चर्चमधली कारकीर्द जोरात चाललेली, तिथे एका मोठ्या घरातल्या विवाहित बाईच्या प्रेमात पडला, घाबरला आणि शहर सोडून थेट जेरुसलेमला. तिथे मेलानिया नावाच्या रोमन बाईने त्याला सरळ केलं आणि इजिप्तला धाडलं. आधी नित्रिया, मग केल्लियात मरेपर्यंत, म्हणजे ३९९ पर्यंत. पोटासाठी पुस्तकांच्या नकला करायचा, अक्षर सुंदर होतं म्हणे.

त्याने काय केलं तर एकट्या माणसाच्या डोक्यात येणाऱ्या विचारांची यादी केली. आठ प्रकार: खादाडी, वासना, पैशाची हाव, उदासी, राग, एक विचित्र कंटाळा, मोठेपणाची हौस आणि गर्व. हे सगळे राक्षस घेऊन येतात अशी त्यांची समजूत, ती तुम्हाला पटो न पटो, वर्णन मात्र इतकं नेमकं आहे की वाचताना आपणच उघडे पडतो.

त्या विचित्र कंटाळ्याला ग्रीकमध्ये अकेदिया म्हणतात आणि दुपारी येतो म्हणून दुपारचा राक्षस. इव्हॅग्रियस सांगतो की सकाळी दहापासून सुरू होतो. सूर्य हलतच नाहीये असं वाटायला लागतं, दिवस पन्नास तासांचा झालाय. साधू सारखा खिडकीकडे बघतो. बाहेर येऊन ऊन किती खाली आलं ते बघतो, जेवायची वेळ व्हायला किती अवकाश आहे. कुणी येतंय का म्हणून इकडे-तिकडे डोकावतो. मग ही जागाच वाईट वाटायला लागते, हे कामच वाईट, इथल्या लोकांत प्रेमच राहिलं नाही, मागे कुणीतरी लागट बोललं होतं ते आठवतं, दुसरीकडे गेलो तर काम सोपं आणि पैसा बरा. देवाची भक्ती काय, कुठेही करता येते की! मग घरच्यांची आठवण. मग म्हातारपण किती लांबलचक असणार याचं चित्र.

ऑफिसात दुपारी अडीच वाजता नोकरीच्या साइट्स उघडून बसणाऱ्यांनी हात वर करा.

यावर त्याचा उपाय साधा आहे: उठू नकोस. खोली सोडू नकोस, हातातलं काम चालू ठेव, आणि कुठला विचार आलाय त्याला नाव दे. विचार कुणाशी तरी बोल. म्हणूनच तरुण साधूने आपल्या गुरूला, म्हणजे अब्बाला, मनात आलेलं सगळं जाऊन सांगायचं ही तिथली मुख्य पद्धत होती. नुसतं वागणं नाही, विचार सांगायचे. इव्हॅग्रियसने कुठल्या विचाराला बायबलमधल्या कुठल्या वाक्याने उत्तर द्यायचं याचं एक पुस्तकच केलं, त्यात जवळपास ५०० नोंदी आहेत.

बायका होत्या का?

होत्या. त्यांना अम्मा म्हणत. सारा, सिंक्लेटिका, थिओडोरा या तिघींची वचनं पुरुषांच्या वचनांबरोबरच जपली गेली. सारा साठ वर्षं नदीकाठी राहिली आणि नदीकडे मान वर करून बघितलं नाही असं सांगतात. सिंक्लेटिका अलेक्झांड्रियाच्या चांगल्या घरातली, तिचं म्हणणं की डोंगरात राहूनही मनाने बाजारात असणारे पुष्कळ आहेत, आणि गर्दीत राहूनही एकटं राहता येतं. तरी एक कबूल करायला हवं, की आपल्यापर्यंत पोचलेल्या नावांमध्ये बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बहुतेक बायका गावात किंवा गावाजवळ राहून हेच करत होत्या आणि गोष्टी लिहिणारे लोक गावात कशाला बघतील, त्यांना वाळवंट हवं होतं.

पण हे पळपुटेपण नव्हतं का?

हा आक्षेप आजचा नाही, त्या काळातला आहे, आणि तो खुद्द सरकारचा होता. रोमन इजिप्तमध्ये कराचा बोजा अख्ख्या गावावर असायचा, एक जण पळाला की त्याचा वाटा बाकीच्यांच्या डोक्यावर. शेतकरी कराला कंटाळून परागंदा होणं ही तिथली जुनीच डोकेदुखी. ३७० च्या सुमारास सम्राट व्हॅलेन्सने कायदाच काढला, की काही आळशी लोक नगराची कर्तव्यं टाळायला साधूंमध्ये जाऊन मिसळतात, त्यांना शोधून बाहेर काढा. म्हणजे असे लोक होते, नक्की होते. सगळे संत नव्हते.

पण दुसऱ्या बाजूचे पुरावेही आहेत, आणि ते धार्मिक पुस्तकांतले नाहीत, वाळूत सापडलेल्या कागदांतले आहेत. पपायरसवर लिहिलेल्या ज्या सगळ्यात जुन्या सरकारी कागदात ख्रिस्ती साधूचा उल्लेख येतो तो जून ३२४ चा. कशाबद्दल असेल? एका गाईबद्दल. करानिस गावच्या इसिडोरस नावाच्या शेतकऱ्याचा तक्रार अर्ज आहे: अमक्यातमक्यांची गाय परत परत माझ्या पिकात शिरते, शेवटी मी तिला धरून गावात नेत होतो तर दोघांनी वाटेत गाठून सोटा घेऊन मला बडवलं आणि गाय सोडवून नेली. अँटोनिनस नावाचा डीकन (चर्चमधला धर्मसेवक) आणि इसाक नावाचा साधू मध्ये पडले म्हणून वाचलो, नाहीतर जीवच घेतला असता. हा आपला पहिला कागदोपत्री साधू: बांधावरच्या भांडणात मध्ये पडणारा. वाळवंट नाही, राक्षस नाही.

त्याच शतकातलं आणखी एक पत्र आहे, वलेरिया नावाच्या बाईने पापनुथी या साधूला लिहिलेलं. मला श्वासाचा भयंकर त्रास आहे, तुम्ही प्रार्थना केलीत तर बरी होईन, माझ्या मुलींसाठीही प्रार्थना करा. अशी पत्रं बरीच सापडली आहेत. कुणाला कर्जवाल्यापासून सुटका हवी असते, कुणाला अधिकाऱ्याकडे शब्द टाकून हवा असतो. साधूला स्वतःची जमीन नाही, जावई-मेहुणे नाहीत, कुणाचं देणं नाही, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. गावाला नेमका असाच माणूस लागतो, जो गावात असून गावातला नाही.

शरीराचे एवढे हाल कशाला?

याचं टोकाचं उदाहरण इजिप्तचं नाही, सीरियाचं. शिमोन नावाचा साधू अलेप्पोजवळ खांबावर चढून बसला आणि ४५९ मध्ये मरेपर्यंत, छत्तीस-सदतीस वर्षं, खांबावरच राहिला. खांब वाढवत वाढवत पंधरा मीटरच्या वर गेला. मूळ हेतू म्हणे गर्दीपासून सुटका, कारण लोक अंगावरचे कपडे ओढून न्यायचे. झालं काय, तर खांबामुळे दुप्पट गर्दी. दुपारनंतर तो खाली जमलेल्यांचे तंटे सोडवायचा, सावकारांना व्याज कमी करायला लावायचा.

मला विचाराल तर हे मला झेपत नाही, आणि गंमत म्हणजे इजिप्तच्या जुन्या साधूंनाही असल्या स्पर्धा फारशा आवडत नव्हत्या. पाहुणा आला की उपास मोडायचा आणि त्याच्याबरोबर जेवायचं, असा त्यांचा दंडक. जास्त उपास करणाऱ्यापेक्षा दुसऱ्याला नावं न ठेवणारा मोठा. शेतिसला मोशे नावाचा साधू होता, इथिओपियन वंशाचा, पूर्वीचा दरोडेखोर. एका साधूकडून चूक झाली म्हणून सभा बोलावली, मोशेला निरोपावर निरोप. शेवटी तो आला तो पाठीवर गळकं भांडं घेऊन, मागे पाण्याची धार. हे काय? म्हणे, माझी पापं माझ्या मागे सांडतायत, मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. सभा तिथेच बरखास्त.

हे आपल्याकडून गेलं का?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. बौद्ध भिक्खू आधीचे, भारत-इजिप्त व्यापार जुना, म्हणजे गेलंच असणार!

व्यापार होता यात शंकाच नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण ही बंदरं नावानिशी आहेत. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात सातवाहनांची नाणी मिळाली, २०२२ मध्ये तर चक्क बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. अलेक्झांड्रियाचा क्लेमंट हा ख्रिस्ती लेखक इसवी सन २०० च्या आसपास बुद्धाचं नाव घेतो. म्हणजे ऐकून माहिती होतं. पण त्या वाळवंटातल्या लोकांनी तिथून पद्धत उचलली असं दाखवणारा एकही धागा हातात नाही. त्यांच्या तोंडी सतत येतात ते ज्यू धर्मग्रंथातला एलिया आणि येशूच्या काळचा बाप्तिस्मा देणारा योहान. शिवाय अलेक्झांड्रियाजवळच्या तळ्याकाठी एकांतात राहणाऱ्या ज्यू स्त्री-पुरुषांचं वर्णन पहिल्या शतकात फायलो या ज्यू लेखकाने करून ठेवलंय, ते तर अगदी शेजारचं. तेव्हा अभिमान जरा आवरता घेतलेला बरा.

या गोष्टी खऱ्या कशावरून?

सगळ्या नाहीत. अँटनीचं चरित्र लिहिलं ते अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसने, तेही सम्राटाच्या माणसांपासून लपत असताना, आणि त्याला आपल्या बाजूचा मोठा माणूस हवा होता. चरित्रातला अँटनी निरक्षर आहे, पण त्याच्या नावावर सात पत्रं आहेत आणि ती शिकलेल्या माणसाची वाटतात. जेरोम हा त्या काळचा ख्रिस्ती लेखक सांगतो की पाखोमियसच्या मठांच्या मेळाव्याला ५०,००० साधू यायचे, तो आकडा फुगवलेला आहे. वचनांचे संग्रह पाचव्या-सहाव्या शतकात एकत्र केलेले, तोपर्यंत गोष्टी कित्येक तोंडांतून गेलेल्या.

मग जमिनीत काय मिळालं? केल्लिया १९६४ मध्ये पुन्हा सापडलं आणि पुढे फ्रेंच आणि स्विस लोकांनी तिथे उत्खनन केलं. पंधराशेच्या वर राहण्याच्या जागांच्या खुणा. त्यातली बरीचशी उशिराच्या शतकांतली घरं बघितली तर झोपडी नाहीच, कुंपणाच्या आत विहीर, छोटी बाग, स्वयंपाकघर, शिष्यासाठी वेगळी खोली, भिंतींवर रंगीत क्रॉस. पुस्तकातल्या फाटक्या साधूपेक्षा बरंच नीटनेटकं आयुष्य.

आणि पुस्तकं जे गोड सांगतात त्याच्याही बाहेर काही गोष्टी आहेत. ३९० मध्ये सम्राटाने कायदा केला की साधूंनी शहरात यायचंच नाही, वाळवंटातच राहायचं. कारण ते टोळ्या करून शहरात गोंधळ घालायला लागले होते. दोन वर्षांत कायदा मागे घेतला. ४१५ च्या सुमारास नित्रियाच्या साधारण ५०० साधूंनी अलेक्झांड्रियाच्या राज्यपालाची गाडी अडवली, एकाने दगड मारून त्याचं डोकं फोडलं. त्याआधी ३९९-४०० मध्ये धर्मशास्त्राच्या वादातून बिशप थिओफिलसने इव्हॅग्रियसच्या गोतावळ्यातल्या साधूंना इजिप्तमधून हाकलून दिलं, इव्हॅग्रियस नशीबवान, जेमतेम आधी वारला. आणि ४०७ मध्ये लुटारूंच्या टोळ्यांनी शेतिस लुटलं, त्यात मोशे मारला गेला. पळून जा म्हणून सांगितलं होतं, नाही गेला.

मग पुढे काय झालं?

या हाकलाहाकलीचाच फायदा झाला. इजिप्तमध्ये बरीच वर्षं काढलेला जॉन कॅसियन फिरत फिरत फ्रान्सच्या मार्सेला पोचला आणि त्याने तिथे लॅटिनमध्ये सगळं लिहून काढलं. जाळलेल्या टोपल्यांची ती गोष्ट त्याचीच. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठाची नियमावली लिहिली तेव्हा कॅसियन वाचा असं सांगून ठेवलं, आणि त्या नियमावलीवर युरोपचे मठ हजार वर्षं चालले. इव्हॅग्रियसच्या आठ विचारांची पोप ग्रेगरीने फेररचना केली आणि त्यातून सात महापापं झाली, जी आता सिनेमांपासून वेब सिरीजपर्यंत सगळीकडे असतात.

इजिप्तमध्ये तर हे कधी थांबलंच नाही. वादी नात्रूनमध्ये आजही चार जुने मठ चालू आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर अवस्था वाईट होती, १९६९ मध्ये मत्ता अल-मिस्कीन हा साधू १२ जणांना घेऊन सेंट मकारियसच्या मठात गेला तेव्हा इमारती कोसळायला आल्या होत्या आणि आत मोजके म्हातारे उरले होते. आता तिथे शंभराच्या वर साधू आहेत, मोठी शेती आहे, छापखाना आहे. कोप्टिक चर्चचा पोप आजही साधूंमधूनच निवडतात. १९७१ ते २०१२ पोप असलेले तिसरे शेनौदा आधी गुहेत एकटे राहणारे साधू होते. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांचं त्यांच्याशी बिनसलं तेव्हा सरकारने त्यांना वादी नात्रूनच्या मठात नेऊन ठेवलं, बाहेर पडायचं नाही म्हणून. १९८५ पर्यंत ते तिथे होते. या माणसाला शिक्षा म्हणून वाळवंट द्यायची कल्पना कुणाच्या डोक्यातून आली असेल कोण जाणे.